आधी टेबल साफ करा, मग पाचारणाचं बोला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खरेदी विभागात ११ वर्षं नोकरी झाली. मंडळीत (चर्चमध्ये) तुम्ही तरुणांना वचन, म्हणजे बायबल, शिकवता, आणि शिकवण्याची देणगी तुमच्यात आहे असं लोक म्हणतात. पाळकांनी संदेशात सांगितलं की दिवसाचे नऊ तास जगाला आणि उरलेले दोन देवाला, हा हिशेब प्रभूला चालत नाही. इकडे साहेब सांगतात, पुरवठादार ठरलेलाच आहे, तू फक्त आणखी दोन कोटेशनं लावून फाइल पुरी कर. तर राजीनामा देऊन पूर्णवेळ सेवेत यावं का?

यात दोन प्रश्नांची गाठ बसली आहे. माझ्या कामाला देवापुढे किंमत आहे का, हा एक. या कामात जे खोटं मिसळलं आहे त्याचं काय करू, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वचनात आहे आणि ते बरंचसं सरळ आहे. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या टेबलावरच शोधावं लागेल. घोळ होतो तो असा, की दुसऱ्याचा त्रास पहिल्याच्या खात्यावर जमा होतो. माणूस विटलेला असतो खोट्या कागदांना आणि समजतो की नोकरीच अपवित्र आहे. म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी एवढंच विचारतो : उद्या साहेब बदलले आणि ही कोटेशनं लावणं बंद झालं, तर राजीनाम्याची इच्छा किती उरेल? पटकन ‘तेवढीच’ म्हणणारे थोडे असतात.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. घर एकट्या तुमच्या पगारावर चालतं का, कर्ज किती आहे, त्या फायलींवर सही तुमची असते की तुम्ही फक्त कागद जुळवता, हे खोटं एका साहेबापुरतं आहे की वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. यावर तुम्ही किती वेगाने हलायचं ते ठरेल. पावलांचा क्रम मात्र बदलणार नाही.

आधी कामाच्या किमतीचं. काम हा शाप नाही. उत्पत्ती २:१५ मध्ये माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला, आणि पाप त्यानंतरच्या अध्यायात येतं. शापाने जमिनीत काटे-कुसळं आली आणि घाम आला. काम त्याआधीपासून होतं. ‘मशागत करणं’ आणि ‘राखणं’ यासाठी तिथे जी दोन हिब्रू क्रियापदं आहेत, तीच जोडीने गणना ३:७-८ मध्ये लेव्यांच्या, म्हणजे उपासनेच्या कामाला नेमलेल्या वंशाच्या, निवासमंडपातल्या (तंबूच्या मंदिरातल्या) सेवेसाठी येतात. निर्गम ३१ मध्ये बसालेल देवाच्या आत्म्याने भरला असं म्हटलं आहे, आणि तो कशासाठी भरला तर सोनं, रुपं, पितळ आणि लाकूड यांवर कारागिरी करायला.

मग ‘जगाचं काम’ आणि ‘देवाचं काम’ ही वाटणी आली कुठून? चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियसने ख्रिस्ती जीवनाच्या दोन पायऱ्या मांडल्या. वरची पायरी संसार आणि मालमत्ता सोडून देवाला वाहून घेणाऱ्यांची, खालची शेती, व्यापार, सैन्य आणि घरदार सांभाळणाऱ्यांची. मठांमध्येही हाताने काम होत असे. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत कोठाराच्या कारभाऱ्याला सांगितलं आहे की मठाची भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत. पण ‘पाचारण’, म्हणजे देवाने एखाद्या कामाला बोलावणं, हा शब्द शतकानुशतकं मठाच्या आतल्यांसाठीच राहिला. मार्टिन लूथरने १५२० मध्ये सर्व ख्रिस्ती माणसं एकाच आध्यात्मिक दर्जाची आहेत असं ठामपणे लिहिलं आणि पुढे हा शब्द मोलकरीण, बाप, चांभार, न्यायाधीश अशा सगळ्यांपर्यंत नेला. (चांभाराने बुटांवर क्रूस काढू नयेत, चांगले बूट शिवावेत, हे त्याच्या नावावर फिरणारं वाक्य त्याच्या लिखाणात सापडत नाही. संदेशात वापरत असाल तर त्याचं नाव घेऊ नका.)

तेव्हा पाळकांच्या वाक्यात तळमळ खरी असेल, पण हिशेब चुकला आहे. कलस्सै ३:२३ मध्ये ‘जे काही करता ते’ असं आहे. संध्याकाळी सातनंतर जे करता ते, असं नाही.

याच वचनाचा गैरवापरही सर्रास होतो, तोही सांगून ठेवतो. ‘प्रभूसाठी करतो आहोत’ म्हणत माणसांना बिनपगारी राबवायचं, ओव्हरटाइम बुडवायचा. कलस्सैचा तो परिच्छेद दासांना लिहिलेला आहे, आणि लगेच ४:१ मध्ये धन्यांना ताकीद आहे की न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. दासांना आहात तसेच राहा म्हणणारा पौलच १ करिंथ ७:२१ मध्ये म्हणतो की मोकळं होता येत असेल तर होऊन घे. पाचारण म्हणजे खिळून राहणं नव्हे. नोकरी बदलणं हे पापही नाही आणि पुण्यही नाही.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या प्रसंगाला सगळ्यात जवळचं वचन लूक ३:१२-१४ आहे असं मला वाटतं. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन विचारतात, आम्ही काय करावं? त्या काळात दोन्ही धंदे बदनाम होते. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. जकातदारांना म्हणतो, नेमून दिलं आहे त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना. पश्चात्तापाचं फळ त्याने थेट त्यांच्या धंद्यातल्या नेमक्या खोडीवर आणून ठेवलं. तुम्हालाही तुमच्या खात्यातली नेमकी खोड शोधायची आहे.

त्यासाठी दोन आठवडे एक वही ठेवा. घरी ठेवा, ऑफिसात नको. रोज संध्याकाळी दहा मिनिटं. ज्या कामाने मन खट्टू झालं तेवढंच लिहायचं : काम काय होतं, त्यात नेमकं कोणतं वाक्य किंवा आकडा खोटा होता, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं, आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाकडे होता. दुसरा रकाना महत्त्वाचा. तिथे काही लिहिता येत नसेल तर ते काम खोटं नाही, नुसतं कंटाळवाणं आहे, किंवा साहेबांची पद्धत तुम्हाला आवडत नाही. अशी पानं बाजूला काढली की उरतात ती खरी दुखणी. ती सहसा दोन-तीनच निघतात.

कोटेशनांचं घ्या. तीन कोटेशनांचा नियम कशासाठी असतो? भाव बाजारात तपासला गेला याचा पुरावा म्हणून. ठरलेला पुरवठादारच दुसऱ्या दोन लेटरहेडवर कोटेशनं आणून देतो तेव्हा तो पुरावा बनावट होतो. अशी फाइल ओळखूही येते. तिन्ही कागदांवर एकच तारीख, वस्तूच्या वर्णनात एकाच जागी तीच शुद्धलेखनाची चूक, आणि इतर दोघांचे भाव बरोबर ५ आणि ८ टक्क्यांनी जास्त. नीतिसूत्रे २०:१० मध्ये दोन प्रकारची वजनं आणि दोन प्रकारची मापं यांचा परमेश्वराला वीट आहे असं म्हटलं आहे. लेटरहेड हे इथलं माप.

पण साहेबांना ‘मी ख्रिस्ती आहे, हे करणार नाही’ असं सांगून सुरुवात करू नका. ते खोटं नाही, पण त्याने विषय भावावरून तुमच्या धर्मावर जातो आणि साहेबांची सुटकाच होते. बहुतेक ठिकाणी खरेदीच्या नियमांत एकाच पुरवठादाराकडून घ्यायची वाट असते, फक्त तिला कारण लेखी द्यावं लागतं. ती टिपणी तुम्हीच तयार करून न्या. एक पान पुरे : हाच पुरवठादार का (सुटे भाग त्याच्याकडेच मिळतात, आधीच्या मालाशी जुळणारं आहे, बाकीचे मुदतीत देऊ शकत नाहीत), मागच्या तीन खरेद्यांचे भाव, आत्ता भाव कसा पडताळला, मंजुरी कोणाची. खाली साहेबांच्या सहीची जागा. म्हणायचं एवढंच : ‘साहेब, माल यांच्याकडूनच घेऊ, पण फाइल अशी करू. ऑडिटला हीच टिकेल.’ साहेबांचं काम होतं, आणि कागद खरा राहतो. कारण खरं असेल तर ते सही करतात. टिपणीवर सही करायला नकार आला तर समजा की कारण सांगण्यासारखं नाही, आणि तुम्ही कशावर सही करत होता तेही कळलं. तरीही दबाव आला तर तेव्हा स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं, एका ओळीच्या ईमेलने : अमुक फायलीत दोन कोटेशनं मी बाजारातून मागवलेली नाहीत, म्हणून ती मी जोडत नाही. आरोप नको, विशेषणं नकोत. मंजुरीची मर्यादा चुकवायला एका ऑर्डरच्या तीन ऑर्डरी करणं हेही याच जातीचं आहे आणि उपायही हाच.

जाता जाता खरेदीवाल्यांच्या ज्या खोट्याला कोणी खोटं म्हणतच नाही ते एक. ‘दुसरा मला यापेक्षा कमीत देतोय.’ दुसरा नसतोच. नीतिसूत्रे २०:१४ मधला गिऱ्हाईक ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणत भाव पाडतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो. घासाघीस जरूर करा, पण खऱ्या आकड्यावर : ‘माझं बजेट इतकं आहे, यात बसतंय का सांगा.’ भाव साधारण तेवढाच सुटतो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते, आणि खरेदी विभागातल्या ख्रिस्ती माणसाने सर्वांत जास्त लक्ष कुठे द्यावं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन : अडकलेली बिलं. लेवीय १९:१३ म्हणतं, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. अनुवाद २४:१५ मध्ये कारण दिलं आहे : तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशांकडे लागलेलं असतं. याकोब ५:४ मध्ये तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. तुमच्याकडे मजूर नाहीत, पण लहान पुरवठादारांकडे आहेत, आणि त्यांचा पगार तुमच्या ट्रेमध्ये पडून असतो.

बिल अडतं ते बहुधा कोणाच्या दुष्टपणाने नाही. ऑर्डर, माल पोचल्याची नोंद आणि बिल हे तीन कागद जुळले की पैसे सुटतात. माल सोमवारी येतो, गोदामातली नोंद पुढच्या गुरुवारी होते, आणि उधारीचे ३० दिवस नोंदीच्या तारखेपासून मोजले जातात. इथेच दहा दिवस गेले. मागवले १००, आले ९८, बिल १०० चं, म्हणून अख्खं बिल थांबतं. दोन नगांची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा करणारा कागद) काढून ९८ चे पैसे त्याच दिवशी सोडता येतात, पण ती नोट काढायची कोणी यावर फाइल महिनाभर फिरते. तुम्ही दर आठवड्याला अर्धा तास काढून थकलेल्या बिलांची यादी वयानुसार लावा : ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०, त्यापुढे. प्रत्येक बिलासमोर दोन गोष्टी : कशासाठी अडलंय, आणि कोणाच्या टेबलावर. मग रक्कम मोठी असलेल्यांपासून नाही, पुरवठादार लहान असलेल्यांपासून सुरुवात करा. मोठ्या कंपन्यांकडे वसुलीला माणसं असतात, लहानाकडे तो स्वतःच असतो, आणि पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तो फोनही करत नाही. अर्थात पैसे अडवण्याचं धोरण वरूनच आलं असेल तर तुमचा हात तिथवर पोचणार नाही. निदान विलंबाचं खोटं कारण तुमच्या तोंडून जाऊ नये. ‘चेक सहीला गेलाय’ म्हणण्यापेक्षा ‘या महिन्यात होणार नाही, पुढच्या महिन्याच्या १० तारखेला विचारा’ हे त्या माणसाच्या जास्त उपयोगाचं आहे.

भेटवस्तूंचं फार लांबवत नाही. जी नोंदवहीत लिहिता येईल आणि बाकीच्या पुरवठादारांसमोर सांगता येईल तीच घ्यावी. रोख कधीच नाही, आणि मंडळीसाठी ‘दान’ म्हणून तर मुळीच नाही. पुरवठादाराने तुमच्या ओळखीने मंडळीला दिलेला पंखा हा तुम्हालाच दिलेला पंखा असतो.

करड्या जागाही राहतील. २ राजे ५:१८ मधला परका सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन या दैवताच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशा म्हणतो, शांतीने जा. या वचनाच्या आधारे काहीही खपवता येतं, म्हणून जपून. नामानाने ती गोष्ट लपवली नाही, तिला चांगलंही म्हटलं नाही, आणि त्यात तो कोणाला फसवत नव्हता. कंपनीच्या ज्या धोरणाशी तुम्ही सहमत नाही तिथे हा दाखला चालेल. बनावट कोटेशनाला चालणार नाही, कारण तिथे तुमच्याच हाताने दुसऱ्याची फसवणूक होते.

मागे ज्या फायली झाल्या त्यांचं? जकातदार जक्कयाने लूक १९:८ मध्ये चौपट परत देऊ केलं. लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असं माप आहे. म्हणजे नुसतं वाईट वाटणं पुरत नाही, भरपाई हा पश्चात्तापाचा भाग आहे. तुम्हाला स्वतःला पैसे किंवा वस्तू मिळाल्या असतील तर त्या परत जायला हव्यात. तुमची सही असेल तर कबुली देण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. लपवण्यासाठी नाही, तर तुमच्या कबुलीने आणखी कोण अडकतं आणि कोणाला काय सांगणं बंधनकारक आहे हे कळावं म्हणून. घरात जोडीदाराला आधी सांगा. मंडळीत एकाच प्रौढ माणसाला सांगा. साक्ष देण्याच्या सभेत तर सांगूच नका.

हे सगळं करायला चार ते सहा महिने लागतील. त्यानंतर सेवेचा प्रश्न पुन्हा हातात घ्या, तेव्हा तो वेगळा दिसेल. टेबल साफ झाल्यावरही ओढ तेवढीच असेल तर ती तपासण्यासारखी आहे. तपासायची कशी? अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) स्वतःहून निघाले नाहीत, मंडळीने त्यांच्यावर हात ठेवून पाठवलं (प्रेषितांची कृत्ये १३:२-३). तेव्हा ‘मला वाटतं’ इतकं पुरेसं नाही, तुमचं शिकवणं ऐकणाऱ्यांनी ते म्हटलं पाहिजे. १ तीमथ्य ३:१० म्हणतं आधी पारख व्हावी, आणि ३:७ म्हणतं बाहेरच्यांनीही चांगलं म्हणावं. तुमच्या बाबतीत बाहेरचे म्हणजे पुरवठादार, गोदामवाले आणि साहेब. नोकरी न सोडता एक वर्ष आठवड्याला सहा ते आठ तास मंडळीतलं असं काम घ्या ज्यात व्यासपीठ नाही : आजाऱ्यांच्या भेटी, हिशेब, भांडणं मिटवणं. पूर्णवेळ सेवेचा बराच वेळ यातच जातो. तीन महिन्यांत कंटाळा आला तर तुम्हाला शिकवायला आवडतं, सेवा नाही, आणि शिकवणं नोकरी करतही चालू राहील.

पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू करत होता. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो वचन सांगण्यात गढून गेला (प्रेषितांची कृत्ये १८:३-५). मंडळीकडून पोटापाण्याचा हक्क असतो हेही त्याने सांगितलं आणि करिंथात तो हक्क बजावला नाही हेही. दोन्ही वाटा त्याच्या आयुष्यात आहेत, एकीलाही तो खालची म्हणत नाही.

पैशाचं कोरडं गणित कराच. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणारा माणूस प्रभूच्याच दाखल्यातला आहे (लूक १४:२८). किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, कर्ज फिटलेलं किंवा हप्ता त्या खर्चात धरलेला हवा. मंडळी किती मानधन देणार, कोणत्या तारखेला, आजारपणाचं काय, हे लेखी घ्या. ‘प्रभू पुरवील’ हे तुम्ही म्हणा, मंडळीच्या खजिनदाराने तुम्हाला म्हणायचं ते वाक्य नाही.

पाळकांशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा की पुढच्या वेळी मध्यस्थीच्या प्रार्थनेत बिलं काढणाऱ्यांचं आणि मजुरीची वाट पाहणाऱ्यांचंही नाव घेता येईल का. आणि सोमवारी ऑफिसात गेलात की ६१ ते ९० दिवसांच्या रकान्यातलं सगळ्यात लहान पुरवठादाराचं बिल आधी शोधा.